सावलीच्या सिद्धान्ताचा हिशेब

जीनिव्हाच्या जॉर्ज-लुई ल साज या माणसाच्या जन्माला जून २०२४मध्ये तीनशे वर्षे झाली. आपल्याकडे त्यावर एक ओळही छापून आलेली माझ्या वाचनात नाही. पुढच्याच वर्षी, २० मे २०२५ रोजी, पुण्यात जयंत नारळीकर गेले. त्यांच्यावर भरभरून लिहिले गेले आणि ते रास्तच होते. या दोघांचा एकमेकांशी थेट संबंध नाही. गुरुत्वाकर्षण म्हणजे अतिसूक्ष्म कणांचा चहूबाजूंनी होणारा मारा, असे ल साजने मांडले आणि ते टिकले नाही. नारळीकरांनी फ्रेड हॉइल यांच्याबरोबर १९६४ साली गुरुत्वाकर्षणाचा एक निराळा सिद्धान्त मांडला. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी तो स्वीकारला नाही, तरी आपली बाजू ते निरीक्षणे आणि गणित हाती घेऊनच मांडत राहिले.

हे दोघे माझ्या मनात शेजारी येऊन बसले ते गेल्या हिवाळ्यात, एका महाविद्यालयाच्या विज्ञान संमेलनात. तिथे एका वक्त्यांनी गुरुत्वाकर्षण म्हणजे आकाशतत्त्वाचा दाब, न्यूटन आणि आइन्स्टाइन दोघेही चुकले आणि आपल्या पूर्वजांना हे सगळे ठाऊक होते, असे पाऊण तास सांगितले. टाळ्या झाल्या. मी उभा राहून विचारले : चहूबाजूंनी दाब असेल, तर सूर्याभोवती धावणाऱ्या पृथ्वीला समोरून जास्त मार बसेल, मग तिची गती मंदावत का नाही? सूत्रसंचालक म्हणाले, "सर, प्रश्न नंतर, वैयक्तिक विचारा." ते नंतर आलेच नाही. शाल, श्रीफळ, राष्ट्रगीत, संपले.

तो प्रश्न माझा नव्हता. तीन शतके मोठमोठ्या माणसांनी तो विचारला, त्याला उत्तरे शोधली, उत्तरे फसली तेव्हा तसे कबूल केले. तो प्रश्न सभागृहात विचारूही न देणे हा त्या सगळ्यांचा अपमान आहे. म्हणून हा मागोवा.

ल साजचा सिद्धान्त सांगायला सोपा आहे. अवकाशात सर्व दिशांनी सूक्ष्म कण प्रचंड वेगाने धावत आहेत. एकट्या वस्तूवर ते सगळीकडून सारखेच आदळतात, म्हणून ती हलत नाही. दोन वस्तू समोरासमोर आल्या की प्रत्येक वस्तू दुसरीच्या दिशेने येणारे काही कण अडवते, म्हणजे तिच्यावर सावली धरते. आतल्या बाजूचा मारा कमी, बाहेरचा तेवढाच; दोन्ही वस्तू एकमेकींकडे ढकलल्या जातात. अंतर दुप्पट झाले की सावलीचा परिणाम चौथाई होतो, म्हणजे न्यूटनचा व्यस्त वर्गाचा नियम आपोआप हाती येतो. बल वस्तुमानाच्या प्रमाणात यावे म्हणून पदार्थ आतून जवळजवळ पोकळ आहे आणि बहुतेक कण आरपार जातात, एवढे गृहीत धरावे लागते. अणूंच्या आत बहुतांश रिकामी जागाच असते, हे पुढे विसाव्या शतकात खरोखरच सिद्ध झाले.

हा विचार पहिल्यांदा नीट मांडला तो निकोला फातिओ द द्युलिए याने, १६९० साली, लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता आणि न्यूटनच्या अगदी जवळचा होता. न्यूटनचे या बाबतीत दोन सूर दिसतात. एका अप्रकाशित टिपणात त्याने लिहिले की गुरुत्वाकर्षणाला यांत्रिक कारण असेलच, तर ते फातिओ म्हणतो तेच असू शकते. गणिती डेव्हिड ग्रेगरीने मात्र १६९१च्या अखेरीस नोंद केली की न्यूटन आणि हॅली फातिओच्या या मांडणीला हसतात. पुढे फातिओ लंडनमधल्या एका धार्मिक पंथात ओढला गेला, १७०७ साली त्याला भर चौकात खोड्यात उभे केले गेले आणि त्याचे लेखन धूळ खात पडले.

ल साजने अठराव्या शतकाच्या मध्यावर तोच विचार स्वतंत्रपणे पुन्हा शोधला आणि उरलेले आयुष्य त्याला दिले. खेळायच्या पत्त्यांच्या पाठीवर टिपणे काढायची त्याची सवय होती. असे हजारो पत्ते जीनिव्हात जपून ठेवले आहेत. ऑयलरला त्याचे कण पटले नाहीत. तरीही वायूचा दाब म्हणजे कणांचा मारा, हा विचार रुजण्यात ल साजचा वाटा आहे, आणि उष्णतेच्या देवाणघेवाणीचा जो नियम आज प्रेव्होच्या नावाने शिकवतात, तो प्रेव्हो ल साजचाच शिष्य. एक चुकलेला सिद्धान्त इतके मागे ठेवून जातो, कारण तो स्पष्ट शब्दांत मांडलेला असतो.

त्यानंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांतले बरेचसे लेखन कंटाळवाणे आहे. कणांना नवी नावे, ईथरला नवे गुण. मोलाचे टप्पे तीनच. १८७०च्या दशकात केल्विनने ल साजला पुन्हा उभे केले आणि कण आदळल्यावर त्यांची ऊर्जा त्यांच्याच अंतर्गत कंपनांत जाते, अशी सोय सुचवली. मॅक्सवेलने तिथेच हात घातला : कण अडवले जाणार असतील तर त्यांची ऊर्जा पदार्थात उतरणार, आणि ती इतकी असेल की सगळे पदार्थ केव्हाच लखलखीत तापायला हवेत. १९०८ साली प्वांकारेने हिशेब पुरा केला. ग्रहांच्या गतीला जाणवेल इतका अडथळा होऊ नये यासाठी कणांचा वेग प्रकाशाच्या २४वर सतरा शून्ये इतके पट हवा. आणि इतक्या वेगाच्या कणांमुळे पृथ्वीचे तापमान दर सेकंदाला १वर सव्वीस शून्ये इतक्या अंशांनी वाढेल.

पुढची सत्तर-ऐंशी वर्षे मी सोडून देतो. १९१९च्या सुमारास इटलीत क्विरिनो मायोरानाने शिशाच्या गोळ्याभोवती पारा ठेवून गुरुत्वाकर्षण अडते का ते पाहिले आणि किंचित अडते असा दावा केला. खगोलशास्त्रज्ञ रसेलने लगेच दाखवले की तसे असते तर समुद्राच्या भरती-ओहोटीत ते उघड दिसले असते. १९६४ साली कॉर्नेलच्या व्याख्यानांत फाइनमनने ल साजचे चित्र श्रोत्यांपुढे उभे केले आणि पृथ्वीला होणाऱ्या अडथळ्याच्या मुद्द्यावर खोडून काढले. एवढे पुरे.

मला बोलायचे आहे ते १९९०च्या दशकाबद्दल. ते मी पाहिले. मी तेव्हा पुण्यातल्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत होतो. एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर शनिवारी संध्याकाळी अभ्यास मंडळ भरायचे. शिक्षक, विद्यार्थी, बँकेतले कारकून, निवृत्त मंडळी. फळा, खडू, वीसेक खुर्च्या. नियम एकच : जितका वेळ बोलणार, तितकाच वेळ प्रश्नांना द्यायचा.

तिथे साताऱ्याहून एसटीने एक निवृत्त अभियंता येऊ लागले. पाटबंधारे खात्यात, धरणांच्या कामांवर त्यांची सगळी नोकरी गेली होती. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. पिशवीत फुलस्केप कागदांचे बाड, त्यात ल साजचाच विचार, बहुतांशी स्वतः शोधलेला. त्यांचा मुख्य मुद्दा आजही मला गंभीर वाटतो. ते म्हणायचे, "पंप पाणी ओढतो असं लोक हजार वर्षं समजत होते. टॉरिचेलीनं दाखवलं की पंप काही ओढत नाही, बाहेरची हवा ढकलते. मग सूर्य पृथ्वीला ओढतो हे तुम्ही इतक्या सहज कसं मानता?" धरणाच्या भिंतीवर पाण्याचा दाब मोजण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने हा प्रश्न विचारावा यात वेडेपणा काहीच नव्हता. न्यूटनलाही मधे काही नसताना दूरवरून बल पोचते ही कल्पना असह्य वाटत होती.

मंडळातल्या एका तरुण प्राध्यापिकेने त्यांना उत्तर दिले ते फळ्यावर. पावसात स्कूटर चालवताना पाठीपेक्षा छाती जास्त भिजते; तसाच सेकंदाला ३० किलोमीटर धावणाऱ्या पृथ्वीला समोरून जास्त मार बसणार. हा अडथळा आणि सूर्याकडे ढकलणारे बल यांचे गुणोत्तर पृथ्वीचा वेग भागिले कणांचा वेग, या प्रमाणात असते. म्हणजे अडथळा घटवायचा तर कणांचा वेग वाढवा. पण बल तेवढेच ठेवून वेग वाढवला की पदार्थात उतरणारी उष्णता त्याच पटीत वाढते. आणि कण काहीही ऊर्जा न गमावता उसळून परत गेले असे मानले, तर उसळलेले कण सावलीची जागा भरून काढतात आणि बल शून्यावर येते.

अण्णांनी सगळे उतरवून घेतले. काही आठवड्यांनी ते सुधारित मांडणी घेऊन आले : पदार्थ ऊर्जा शोषतो आणि दुसऱ्या प्रकारच्या कणांच्या रूपाने बाहेर टाकतो. मग प्रश्न आला की ते बाहेर पडणारे कण ढकलत कसे नाहीत. अण्णा पुन्हा घरी गेले. असे किती तरी शनिवार चालले. कुणी आवाज चढवला नाही, कुणी कुणाला अडाणी म्हटले नाही. त्यांच्या बाडाच्या शेवटी एक प्रकरण तयार होत गेले : 'मला न सुटलेले.' त्यात प्रत्येक आक्षेप, तो कुणी घेतला त्याचे नाव आणि तो का सुटत नाही, हे सुवाच्य अक्षरात लिहिलेले असायचे. स्वतःच्या आवडत्या कल्पनेविरुद्धचा पुरावा इतक्या निगुतीने जमवणारा माणूस मी नंतर पाहिला नाही.

१९९३चे नोबेल हल्स आणि टेलर यांना मिळाले तो शनिवार मला चांगला आठवतो. त्यांनी १९७४ साली शोधलेला पल्सार, म्हणजे नियमित स्पंदने पाठवणारा तारा, आणि त्याचा जोडीदार तारा पावणेआठ तासांत एकमेकांभोवती फिरतात, आणि ती कक्षा हळूहळू लहान होते आहे. फेरीचा कालावधी वर्षाला सुमारे ७६ मायक्रोसेकंदांनी घटतो. अण्णा उभेच राहिले. कक्षा आक्रसते म्हणजे अडथळा आहे! प्राध्यापिकेने आइन्स्टाइनच्या समीकरणांतून निघणारा दर मांडला : गुरुत्वीय लहरींतून ऊर्जा बाहेर जाते, म्हणून कक्षा इतकी आक्रसायला हवी. निरीक्षण आणि गणित यांच्यातला फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. कणांच्या अडथळ्यासाठी जागाच उरत नव्हती. अण्णा बसले आणि त्यांनी शेवटच्या प्रकरणात नोंद वाढवली.

२४ ऑक्टोबर १९९५च्या सूर्यग्रहणाला अर्धे शहर दारे-खिडक्या लावून बसले असताना आमच्या मंडळाने वाचनालयाच्या जिन्यात लंबक टांगला होता. फ्रान्सच्या मॉरिस अ‍ॅले यांनी १९५४च्या ग्रहणात लंबकाचे वागणे बदलल्याचे सांगितले होते. चंद्र सूर्यावर सावली धरत असेल तर काही दिसावे, ही अण्णांची आशा. दिसले नाही. त्यांनी वहीत 'काही आढळले नाही' असे लिहून सही केली.

पुढे १९९८मध्ये टॉम व्हॅन फ्लँडर्न या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञाचा शोधनिबंध आला. त्याची झेरॉक्स मंडळात हातोहात फिरली. त्याचा मुद्दा असा : गुरुत्वाकर्षण प्रकाशाच्या वेगाने पोचत असेल, तर पृथ्वीला सूर्य सव्वाआठ मिनिटांपूर्वी होता त्या दिशेने ओढ लागेल आणि तिची कक्षा हजार-बाराशे वर्षांत दुप्पट होईल. तसे होत नाही, म्हणून गुरुत्वाकर्षण प्रकाशाहून अब्जावधी पटींनी वेगवान असले पाहिजे. लाप्लासनेही याच वाटेने प्रकाशाच्या लक्षावधी पट वेगाचा निष्कर्ष काढला होता. २००० साली स्टीव्ह कार्लिपने त्याच नियतकालिकात उत्तर दिले : आइन्स्टाइनच्या सिद्धान्तात वेगावर अवलंबून असलेली पदे या विचलनाला जवळजवळ पूर्ण रद्द करतात, विद्युतभारांच्या बाबतीतही हेच घडते. दावा आणि उत्तर दोन्ही एकाच ठिकाणी छापले गेले. वाद असा व्हावा.

आता काही जुने हिशेब. अण्णांचे बाड एका विभागप्रमुखांकडे रजिस्टरने गेले होते. ते न उघडता परत आले आणि नंतर त्यांनी मला ऐकवले, "असल्या लोकांना दाराशी उभं करू नका." हे गृहस्थ विज्ञानाची बाजू राखत होते असे मी कधीच मानले नाही. पान उलटून तासाभराचे गणित करायचा त्यांना कंटाळा होता, आणि त्या कंटाळ्याला त्यांनी प्रतिष्ठेचे नाव दिले. दुसरे, एका रविवार पुरवणीचे संपादक. त्यांनी 'मराठी अभियंत्याचे आइन्स्टाइनला आव्हान' असा मथळा दिला, अण्णांना न दाखवता, आणि शेवटचे प्रकरण वगळून. आम्ही पाठवलेले उत्तर 'वाचकांना जड जाईल' म्हणून परत केले. वाचकांना मथळा पेलतो आणि भागाकार पेलत नाही, हे त्यांनी कोणत्या आधारावर ठरवले?

तिसरे होते ते अण्णांना हार घालायला आलेले. भास्कराचार्यांनी ११५०च्या सिद्धान्तशिरोमणीत पृथ्वीच्या आकर्षणशक्तीचा उल्लेख केला आहे, तेव्हा तुमचा सिद्धान्त हा त्याचाच विस्तार आहे, असे तुम्ही जाहीर करा, अशी त्यांची मागणी. अण्णांनी चहा दिला आणि सांगितले, "भास्कराचार्य थोर गणिती होते. पण त्यांनी आकर्षण म्हटलंय, मी ते नाकारतोय. व्यस्त वर्गाचा नियमही त्यांच्या ग्रंथात नाही. माझं चुकलं तर ते माझं चुकू द्या, त्यांच्या नावावर नको." मंडळी पुन्हा आली नाहीत. आज तीच मंडळी व्यासपीठावर आहेत, आणि त्यांना 'नाही' म्हणणारा अण्णा समोर नाही.

दशक संपता संपता मंडळ विरळ झाले. अण्णा गेले. २००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने फलज्योतिषाचे अभ्यासक्रम विद्यापीठांत आणायचे ठरवले आणि आपल्या सगळ्या वादांचा पोत बदलला. नारळीकरांनी विरोध केला, पण नुसता विरोध केला नाही. पुढे नरेंद्र दाभोलकर आणि इतरांच्या साथीने त्यांनी चाचणी घेतली. हुशार आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या ज्योतिषांना ओळखायला दिल्या. अचूकतेचे प्रमाण निघाले ४६ टक्के, म्हणजे नाणे उडवून मिळेल तेवढेच. २००९ साली तो अहवाल प्रसिद्ध झाला. २० ऑगस्ट २०१३ रोजी दाभोलकरांचा पुण्यात खून झाला. प्रश्न विचारणाऱ्याला गोळी घालता येते हे कळलेल्या शहरात मी तेव्हापासून राहतो आहे.

स्वतःच्या मताविरुद्धचा पुरावाही तपासण्याबद्दल बोलतोच आहे, तर व्हॅन फ्लँडर्नबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १९९७च्या ग्रहणात चीनमध्ये गुरुत्वमापकाने विचित्र नोंदी दिल्या होत्या. ढकलणाऱ्या गुरुत्वाकर्षणाचा तो ठळक पुरस्कर्ता. त्या नोंदी त्याच्या पथ्यावरच पडल्या असत्या. २००३ साली त्यानेच, एका सहकाऱ्यासह, दाखवून दिले की ग्रहणात हवा थंड होऊन सरकते आणि तेवढ्याने त्या नोंदी समजतात. २००९ साली तो गेला. त्याच्या मुख्य दाव्याबद्दल निसर्गानेच मोठी साक्ष दिली ती १७ ऑगस्ट २०१७ रोजी : दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या गुरुत्वीय लहरी आणि गॅमा किरण सुमारे तेरा कोटी वर्षे प्रवास करून १.७ सेकंदांच्या अंतराने पृथ्वीवर पोचले. गुरुत्वीय लहरींचा वेग प्रकाशाइतकाच. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ अशाच लहरी टिपणारी वेधशाळा उभारायला केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली आहे. मराठवाड्यातल्या मुलांच्या दारात जगातल्या सर्वांत काटेकोर मोजमापांपैकी एक प्रयोग येतो आहे.

त्या मुलांना आपण काय देतो आहोत? आमच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आता प्रवेश परीक्षेचे क्लास चालतात. चार पर्यायांतला एक निवडायला शिकवले जाते. एखादा पर्याय चूक का, हे सांगायला वेळ नसतो. नारळीकर सही मागणाऱ्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर विज्ञानातला प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही करून पाठवीन. आपल्या संमेलनांतून नेमके हेच गेले आहे. वक्ता आहे, सत्कार आहे, प्रमाणपत्र आहे. प्रश्नाचा वेळ तेवढा कापला आहे. आणि प्रश्न कापला गेला की ल साज आणि भोंदू यांच्यातला फरकच पुसला जातो. ल साजचा सिद्धान्त चुकीचा होता हे आपल्याला ठाऊक आहे, कारण तो चुकीचा ठरू शकेल अशा भाषेत त्याने मांडला. त्या संमेलनात ऐकलेल्या आकाशतत्त्वाला मात्र कोणताही आकडा हरवू शकत नाही, कारण त्यात आकडाच नाही.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. विज्ञानाच्या नावाने भरणाऱ्या प्रत्येक कार्यक्रमात भाषणाइतकाच वेळ प्रश्नांना द्या, आणि काय दिसले तर माझे म्हणणे खोटे ठरेल, हे वक्त्याने आधी सांगावे. दुसरी शिक्षकांकडे. अकरावीच्या वर्गात ल साजचा सिद्धान्त शिकवा, चुकीचा म्हणूनच शिकवा. मुलांना संवेग येतो, दाब येतो, व्यस्त वर्ग येतो. पृथ्वी मंदावते का आणि तापते का, हे त्यांना स्वतः काढता येईल. त्याला दोन तासिका पुरतात. एक सुंदर कल्पना स्वतःच्या हाताने मोडून पाहिलेला विद्यार्थी पुढे कुठल्याही सभागृहात उभा राहून प्रश्न विचारील, आणि 'नंतर, वैयक्तिक' या उत्तरावर खाली बसणार नाही.